वॉशिंग मशीनमधलं पाणी निघत नाही तेव्हा

सासरे अंथरुणाला खिळले होते त्या काळात आमचं मशीन दिवसातून दोनदा चालायचं. सकाळी चादरी, दुपारी त्यांचे कपडे. एका संध्याकाळी पाहते तर काचेपलीकडे निम्म्या ड्रमपर्यंत राखाडी पाणी, त्यात त्यांच्या दोन्ही चादरी, आणि दार काही उघडेना. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाले आले, पंप गेलाय म्हणाले, नवा बसवून गेले. अकराव्या दिवशी पुन्हा तेच पाणी, तसंच साचलेलं. त्या वेळी मी कुणाला बोलावलं नाही. फरशीवर मांडी घालून बसले, टॉर्च घेतला आणि दीड तासाने टबाखालच्या रबरी नळीतून तान्ह्या बाळाचा एक मोजा ओढून काढला. नणंद बाळाला घेऊन आठवडाभर राहून गेली होती, त्यातला.

तो मोजा नळीत पुढेमागे होत असणार. कधी पंपाच्या तोंडाशी जाऊन बसायचा, कधी बाजूला सरायचा. पंप बदलताना सगळं पाणी काढलं गेलं, मोजा सरकला आणि आम्हाला वाटलं, नव्या पंपाने काम झालं. त्यानंतर नात्यातल्या आणि शेजारपाजारच्या बऱ्याच मशीनांसमोर मी अशी बसले आहे. आता माझं मत पक्कं आहे: भाग बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी. आधी पाणी नेमकं कुठे अडलंय ते शोधायचं.

पाण्याची वाट तशी छोटी आहे. भोकांच्या ड्रममधून पाणी बाहेरच्या टबात येतं. टबाच्या बुडाला एक जाड, वळ्यावळ्यांची रबरी नळी असते, तिच्यातून ते फिल्टरच्या डबीत उतरतं. डबीला लागूनच पंप. पंपातून पाणी मशीनच्या मागच्या लांब ड्रेन पाइपमध्ये चढतं आणि तिथून घराच्या सांडपाण्याच्या नळात जातं. फ्रंट लोड मशीन असेल तर एवढी पाचच ठिकाणं. टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिकचं वेगळं असतं, त्यांच्याबद्दल पुढे सांगते.

आधी कान द्या

जळकट वास येत नसेल, मशीनखाली पाणी साचलं नसेल आणि घरचा स्विच पडला नसेल, तर एकदाच ड्रेन किंवा स्पिनचा प्रोग्राम लावा आणि मशीनच्या खालच्या भागाशी कान नेऊन ऐका. वरीलपैकी काहीही दिसलं तर ही पायरी सोडा आणि सरळ प्लग काढा. प्लगपाशीच ओल असेल तर त्याला हात लावू नका, घराचा मुख्य स्विच बंद करा.

पंप एकसुरी गुणगुणतोय पण पाणी हलत नाही, म्हणजे वीज पोचतेय आणि पंपाची पाती अडकली आहेत किंवा पुढची वाट बंद आहे. पंप जोरात, खुळखुळल्यासारखा वाजतोय, म्हणजे पाती फिरताहेत पण त्यांच्यापर्यंत पाणीच येत नाही. अडथळा टबाकडच्या बाजूला आहे. आमच्या मोज्याच्या वेळी हाच आवाज होता, तेव्हा मला तो ओळखता आला नाही. आणि काहीच आवाज नसेल, तर वायर, पंपाची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) किंवा मशीनचा बोर्ड (सगळं नियंत्रण करणारी विजेची पाटी) यांच्याकडे बघावं लागतं. अर्ध्या मिनिटाचं ऐकणं पुढचे दोन तास वाचवतं.

पडद्यावर कोड दिसत असेल तर तो लिहून ठेवा. एलजीच्या मशीनवर ‘ओई’, सॅमसंगवर ‘५सी’ किंवा ‘५ई’, बॉशवर ‘ई१८’ ही पाणी न गेल्याची खूण. पण त्या कोडचा अर्थ एवढाच की ठरलेल्या वेळात पाणी कमी झालं नाही. पंप गेला असं तो सांगत नाही. कोड बघून पंप मागवणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हे आवर्जून लिहिते.

ऐकून झालं की मशीन बंद करा, प्लग काढून हातभर दूर ठेवा, पाण्याचा नळ बंद करा. इथून पुढे चाचणीची वेळ सोडली तर प्लग लावायचा नाही. गरम पाण्याचा प्रोग्राम चालू होता का ते आठवा. साठ किंवा नव्वद अंशांवर धुणं लावलं असेल तर आतलं पाणी भाजण्याइतकं तापलेलं असतं, तासदोन तास थांबा.

खाली बसण्याआधी

दोन गोष्टी उभ्यानेच तपासून होतात. ‘रिन्स होल्ड’ नावाची सोय काही मशीनांत असते. ती चुकून दाबली गेली असेल तर शेवटच्या खळबळणीचं पाणी मशीन मुद्दाम धरून ठेवतं आणि आपण बटण दाबायची वाट बघतं. माझ्या मावशीकडे हेच झालं होतं.

दुसरी गोष्ट फेस. हाताने धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली किंवा योग्य पावडरही जास्त पडली, तर टब फेसाने भरतो. पंप पाणी ढकलण्यासाठी बनलेला असतो, फेस त्याला ढकलता येत नाही. काचेला पांढरा थर चिकटलेला दिसला तर मशीन तासभर तसंच राहू द्या. फेस बसला की ड्रेन लावा, मग साध्या पाण्यात दोनदा खळबळा. पुढच्या वेळी पावडर निम्मी घ्या.

पाइप आणि बादली

मशीन पुढे ओढा आणि ड्रेन पाइप पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत हाताने चाचपा. भिंत आणि मशीन यांच्यात तो चेपलेला सापडतो, विशेषतः झाडलोट करताना कुणी मशीन मागे ढकललं असेल तर. काहींनी पाइपच्या टोकाला धागे अडवायला जाळी किंवा जुना पायमोजा बांधलेला असतो. चार धुण्यांत तिथे लगद्याचं बूच तयार होतं. ते काढून टाका आणि परत बांधू नका.

आता माझी आवडती परीक्षा, बादलीची. ड्रेन पाइपचं टोक सांडपाण्याच्या नळातून काढा आणि बादलीत धरा. बादली स्टुलावर ठेवा. टोक आधी होतं साधारण त्याच उंचीवर राहायला हवं. जमिनीवर ठेवलेल्या बादलीत पाणी नुसत्या उताराने येऊ शकतं आणि पंप चालतोय असा गैरसमज होतो. मदतीला कुणाला तरी स्विचपाशी उभं करा, दुसरी बादली जवळ ठेवा, हात कोरडे करून प्लग लावा आणि ड्रेन सुरू करा. धड पंप दहा लिटरची बादली मिनिटाच्या आत भरतो, त्यामुळे पाइप घट्ट धरा, तो झटका देतो.

पाणी धारदार आलं तर मशीन निर्दोष आहे. तुंबलंय ते घराचं सांडपाणी. तिथे साबणाचा आणि धाग्यांचा चिकट थर बसतो. लवचीक तार घालून तो काढावा लागतो. या एका परीक्षेने कितीतरी मशीनं उघडायची वाचतात. पाणी बारीक, दम लागल्यासारखं आलं किंवा आलंच नाही, तर बिघाड मशीनमध्ये, किंवा खुद्द ड्रेन पाइपमध्ये.

पाइप परत नळात घालताना तो दहा-पंधरा सेंटिमीटरच आत जाऊ द्या आणि भोवती हवेला जागा ठेवा. खोल आणि घट्ट कोंबला तर उलटाच त्रास होतो, मशीन भरत असतानाच पाणी आपोआप ओढलं जातं. बहुतेक फ्रंट लोड मशीनांत टोक जमिनीपासून साठ ते शंभर सेंटिमीटर उंच ठेवायला सांगतात. आपल्या मशीनच्या माहितीपुस्तिकेतला आकडा बघा. पाइपला जोड देऊन तो खूप लांबवला असेल तरी पंपावर ताण येतो.

फिल्टर

फ्रंट लोडमध्ये पुढच्या बाजूला खाली, बहुधा उजव्या कोपऱ्यात, एक छोटी झडप असते. नाण्याच्या कडेने ती उघडते. आत एक गोल मूठ दिसते, तो फिल्टर. शेजारी बऱ्याच मशीनांत बोटाएवढी काळी नळी असते, टोकाला बूच लावलेली.

घाईने फिल्टर फिरवू नका. टबात पंधरा-वीस लिटर पाणी असू शकतं आणि ते सगळं एकदम तुमच्या मांडीवर येतं. आधी काळी नळी बाहेर ओढा, परातीत धरा, बूच काढा. परात भरली की बूच लावा, ओता, पुन्हा. माझ्या पहिल्या वेळी चौदा पराती झाल्या. झडप जमिनीला अगदी टेकून असेल तर परातही खाली जात नाही, तेव्हा केर भरायची प्लास्टिकची सुपली कामाला येते. नळीच नसेल तर फिल्टर पाव वळसा सैल करायचा, पाणी झिरपू द्यायचं, घट्ट करायचा. वेळ जातो, पण खोली भिजत नाही. फरशी पुसायची दोन जुनी फडकी कडेने गुंडाळून ठेवा.

नळीतून पाणी थेंबथेंबच येत असेल तर लक्षात ठेवा, हाही पुरावा आहे: टब आणि फिल्टर यांच्यामध्ये काहीतरी अडकलंय.

पाणी संपलं की फिल्टर घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवून बाहेर काढा. अडत असेल तर पकडीने मूठ पिळू नका, ती तुटते. थोडं आत, थोडं बाहेर असं हलवत राहा. बहुधा आत पिन नाहीतर नाणं आडवं झालेलं असतं. आमच्या फिल्टरमधून तेव्हा निघालं ते असं: दोन नाणी, केसांची एक पिन, सासऱ्यांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी तुकडा, आणि या सगळ्याला गुंडाळलेला करडा, बुळबुळीत लगदा. वास फार वाईट येतो, त्याची तयारी ठेवा. दातांच्या जुन्या ब्रशने फिल्टर वाहत्या पाण्याखाली घासा.

फिल्टर निघाला की त्या भोकात टॉर्च मारा. मागे पंपाची छोटी पाती दिसतील. आत थेट बोट घालू नका, काचेचा तुकडा किंवा ब्लाउजचा हूक असू शकतो. लाकडी काडीने पाती फिरवून बघा. ती अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतात, आणि इथे हमखास फसगत होते. लोकांना वाटतं पंप जाम झाला. तसं नाही. बहुतेक पंपांच्या आत चुंबक असतो, त्याच्यामुळे तो झटका जाणवतो. तो असायलाच हवा. पाती अगदी मोकळी गरगर फिरली, किंवा काडीबरोबर बाहेर आली, तर मात्र पंप मोडला आहे. केस किंवा धागा गुंडाळला असेल तर चिमट्याने उलट्या दिशेने सोडवा, ओढून तोडू नका.

वळ्यावळ्यांची नळी

फिल्टर स्वच्छ, पाती ठीक, आणि तरी पाणी जात नाही. अशा वेळी बहुतेक लोक पंपावर खापर फोडतात. माझं सांगणं आहे, अजून एक ठिकाण राहिलंय. टबाखालची जाड रबरी नळी.

कापड इथे येतं कसं? ड्रमची कड आणि दाराचं रबर यांच्यात बारीक फट असते. ड्रम गच्च भरला की लहान मोजा, रुमाल, ब्राची तार तिथून टबात घसरते आणि पाण्याबरोबर बुडाशी जाते. फिल्टरच्या भोकातून ती दिसत नाही, कारण नळी वरच्या बाजूला वळलेली असते.

नळीपर्यंत जायची वाट मशीनगणिक निराळी. कुठे मागचा पत्रा काढावा लागतो, कुठे पुढचा, कुठे मशीन कलतं करून बुडातून हात घालावा लागतो. फ्रंट लोड मशीन साठ-सत्तर किलोचं असतं, आत वजनासाठी काँक्रीटचा ठोकळा असतो. एकट्याने कलंडवू नका. दोघंजण हवेत, खाली जाड सतरंजी हवी, आणि आतलं पाणी पूर्ण काढलेलं हवं. पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घाला.

काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, जवळून आणि दुरून. नळी दोन्ही टोकांना तारेच्या किंवा पट्टीच्या क्लॅम्पने आवळलेली असते. तारेचा क्लॅम्प पकडीने दाबून मागे सरकवता येतो. नळी निघाली की लोटाभर पाणी सांडेल. नळी दाबून पाहा. आत मऊ गोळा लागला तर तोच तुमचा चोर. काही मशीनांत या नळीत प्लास्टिकचा एक चेंडू असतो. तो मुलांचं खेळणं म्हणून फेकू नका, तो मशीनचाच आहे. पावडर विरघळण्याआधी थेट खाली जाऊ नये म्हणून बसवलेला. धुऊन परत घाला.

त्या संध्याकाळी मोजा हातात आला तेव्हा मला आनंदापेक्षा हळहळ जास्त वाटली. सासऱ्यांच्या चादरी दोन दिवस शेजारच्या घरी धुवायला नेल्या होत्या, आणि कारण एवढंसं. तेव्हापासून आमच्याकडे लहान कपडे जाळीच्या पिशवीत, चेन लावून, मगच ड्रममध्ये जातात.

पंप मुका असेल तर

प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करा. पंपाला दोन वायरी येतात, त्यांची टोकं गंजली आहेत का, निसटली आहेत का बघा. मशीन थरथरून ती सैल होतात. घरात मल्टिमीटर (विजेची मोजमापं घ्यायचं छोटं यंत्र) असेल आणि तो वापरता येत असेल तर वायरी काढून पंपाच्या दोन पिनांमधला रोध मोजा. २२० ते २४० व्होल्टवर चालणारे साधे पंप साधारण शंभर ते दोनशे ओहम दाखवतात. आकडाच आला नाही तर कॉइल तुटली, आणि आता पंप बदलणं योग्य आहे. नवा घेताना जुना काढून सोबत न्या. सारखे दिसणारे पंप पिनांत आणि आट्यांत वेगळे निघतात.

कॉइल ठीक आहे आणि तरी पंप वाजत नाही, तर वीज पोचत नाही. बोर्ड तपासायला चालू विजेवर मोजमाप करावं लागतं. ओल्या फरशीवर बसून ते घरी करू नये. इथे मी स्वतः थांबते आणि जाणकाराला बोलावते.

टॉप लोड आणि सेमी ऑटोमॅटिक

काही टॉप लोड मशीनांत पंप असतो, काहींत नसतो. पंप नसलेल्यांत बुडाला रबरी झडप असते, एक लहान मोटर ती ओढून उघडते आणि पाणी उताराने जातं. अशा मशीनचा पाइप जमिनीलगतच हवा. घर बदलल्यावर कुणी तो उंच नळात खोवला की मशीन ठीक असूनही पाणी आतच राहतं. पाइप खाली टाकून बघा, हा सर्वांत सोपा उपाय आहे.

सेमी ऑटोमॅटिकमध्ये तेच काम तुमची मूठ करते. मूठ ‘ड्रेन’वर फिरवली की आतली पट्टी किंवा दोरी ओढली जाते आणि झडप उचलली जाते. मूठ नेहमीपेक्षा हलकी फिरत असेल तर पट्टी हुकातून सुटली आहे किंवा तुटली आहे. प्लग काढून मागचा पत्रा उघडला की दिसते. मूठ नीट, पण पाणी हळू, तर झडपेच्या डबीत लगदा आहे. डबीचं झाकण फिरवून निघतं, आत रबर आणि स्प्रिंग असते, त्यांचा क्रम लक्षात ठेवा. धुण्याच्या बाजूचं पाणी सोडल्यावर ते सुकवण्याच्या टबात वर येत असेल तर दोन्हींचा पुढचा एकच पाइप तुंबला आहे.

कुठल्याही मशीनमध्ये नाली साफ करायचं ॲसिड किंवा तीव्र द्रावण ओतू नका. रबर आणि ॲल्युमिनियमचे भाग खराब होतात आणि नंतर फिल्टर उघडणाऱ्याचे हात भाजतात. अडकलेलं दारही हिसकू नका. पाणी दाराच्या खाली गेलं आणि वीज बंद असली की दोन-तीन मिनिटांत कुलूप बहुधा सुटतं. नाही सुटलं तर फिल्टरच्या झडपेमागे ओढायची छोटी दोरी किंवा पट्टी आहे का पाहा. काही मशीनांत ती त्यासाठीच असते.

जोडणी झाल्यावर

फिल्टरच्या रबरी कड्यावर केस किंवा वाळूचा कण राहिला तर तिथून गळतं, बोटाने पुसून घ्या. आटे सरळ बसले आहेत का बघत हाताने घट्ट करा, पाना नको. काळ्या नळीचं बूच लावून ती जागेवर अडकवा. मग ड्रममध्ये दोन लिटर पाणी तांब्याने ओता आणि दहा मिनिटं काही न करता झडपेखाली बघत बसा. कोरडं राहिलं तर प्लग लावा, ड्रेन सुरू करा आणि पंपाचा आवाज ऐका. पाणी असेपर्यंत भरीव, संपत आलं की घशात अडकल्यासारखा घरघरता. तो घरघराट आला म्हणजे वाट मोकळी झाली.

मशीन लगेच भिंतीला लावू नका. एक पूर्ण धुणं करा, मग खाली वर्तमानपत्र पसरून रात्रभर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर झडप बंद करा आणि मशीन मागे सरकवा, पाइप चेपणार नाही एवढं अंतर ठेवून.